बुकित पंजांगचे दगडी टेबल राखिले त्याची हकीकत

॥ श्री ॥

श्री लिफ्टभवानी प्रसन्न असो, आणि अकराव्या मजल्यावर नित्य थांबती राहो.

राजमान्य राजश्री समस्त नवागत मंडळी, जी पुण्याहून आणि मुंबईहून एम्प्लॉयमेंट पास घेऊन, दोन दोन सुटकेसा आणि एक एक प्रेशर कुकर ऐसा सरंजाम बाळगून सांप्रत सिंगापूर मुलखी बुकित पंजांग प्रांती उतरली आहेत, त्यांणी पुसिले की, या वसाहतीचे मूळपुरुष कोण, त्यांणी पराक्रम काय केले, आणि ब्लॉकखाली जे दगडी टेबल आहे त्यावर तांबडी फुली कोणी मारिली, आणि येथील मराठी मनुष्यास चहा विचारिला असता तो लागलाच हो कां म्हणतो. त्यास हकीकत ऐसीजे. यात पदरचे काही घातले नाही. जेथे घातले आहे तेथे ते शोभून दिसते.

पूर्वी हा प्रांत केवळ अरण्य होता. अरण्य म्हणजे, लोक होते. चिनी, मलय, तमिळ ऐसे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते, मॉल होता, लायब्ररी होती, शाळेची पोरे रांगेने चालत होती. परंतु बाकरवडी मिळत नव्हती, म्हणोन आमचे लोक त्यास अरण्य म्हणत. त्या अरण्यात प्रथम पाऊल मेघाधिपती, समस्त सर्व्हरांचे सरलष्कर, राजश्री विश्वासराव यांणी ठेविले. हे पाया लेबारच्या कचेरीत क्लाउडाच्या कारभारावर मुखत्यार. ते फ्लॅट पाहावयास एलआरटी नामे लहान गाडीत बसले. ती गाडी वर्तुळाकार फिरते, आणि घरांच्या खिडक्यांजवळून जाते तेव्हां रहिवाशांची अब्रू राखावी म्हणोन तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. विश्वासरावांस वाटले, धुके पडले. धुके ओसरले की उतरू ऐसा मनसुबा करून ते बसून राहिले, आणि गाडी फिरत राहिली, आणि मग त्यांचे कुटुंब सौभाग्यवती उर्मिलाबाईसाहेब यांणी फोनवरून हुकूम सोडिला की, जेथे असाल तेथे उतरा आणि तेथेच घर बघा. ते जेथे उतरले तेथे घर घेतले. ही वसाहतीची स्थापना.

त्यांचे मागल्या खोलीत भाड्याने शेवाळशास्त्रसंपन्न राजश्री वरदपंत मुलुंडकर येऊन राहिले. हे युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. शिक्षण संपणे आणि नोकरी लागणे या दोहोंमध्ये एक खिंड आहे, तीस पोस्टडॉक म्हणतात, आणि ती ते मोठ्या शर्थीने लढवीत होते. समुद्रशेवाळास उजेड किती आवडतो हा त्यांचा विषय. शेवाळाच्या मनातले त्यांस अचूक कळे. माणसांचे कळावयास अंमळ वेळ लागे.

तिसरे मानकरी दिलीपराव. ते पुढे पोहण्याचा तलाव पाहून जुरोंग ईस्टच्या एका कोंडोस फितूर जाहले, सबब त्यांचे नाव या बखरीत घातले नाही.

पहिला पाडवा आला. गुढी उभारावी तर काठी पाहिजे. या मुलखी खिडकीबाहेर बांबू काढून त्यावर कपडे वाळत घालण्याची रीत आहे. विश्वासरावांणी तोच बांबू घेतला आणि त्यास बाईसाहेबांची जांभळी पैठणी, कडुलिंब, साखरेची गाठी आणि शेंड्यास तांब्या ऐसा साज चढवून तो अकराव्या मजल्यावरून बाहेर रोखिला. वारा सुटला, पैठणी आभाळात फडकली, ते पाहून वसाहतीचे ऊर भरून आले. खाली राजश्री लिम अंकल, जे ब्लॉकच्या रहिवासी मंडळाचे कारभारी, उभे होते, त्यांचेही ऊर भरून आले, परंतु कारण निराळे.

"ओई! युअर पॉट! ड्रॉप डाउन, समबडी डाय, यू नो!"

म्हणोन रयतेच्या डोक्यात तांब्या पडू नये यास्तव गुढी उतरविण्याचा हुकूम जाहला. आणि हुकूम करणारा असा दिलदार की त्याणेच पुढे चालून ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जीस वॉइड डेक म्हणतात, एक दगडी टेबल दाखविले, भोवती चार दगडी बैठका आणि वर बुद्धिबळाचा पट, आणि सांगितले की शेजारच्या खांबास येथे बांधा. मग गुढी बांधो लागले. बांधली तों सुटे, आणि पुन्हा बांधली तों पुन्हा सुटे, कारण क्लाउड आणि शेवाळ या दोन्ही शास्त्रांत गाठीचा अभ्यास नाही. इतक्यात समोरच्या ब्लॉकातून भार्गवीबाई आल्या, त्यांणी एका हाताने गाठ मारिली, दुसऱ्या हातात बबल टी होता.

या भार्गवीबाई तान्ह्या होत्या तेव्हांच त्यांचे आईबाप या प्रांती येऊन राहिले, आणि त्यांचे घरी वर्षानुवर्षे टीव्हीशेजारी निमूट गुढी उभी राहत होती. तर मग मूळपुरुष तेच की काय, ऐसी शंका कोणी काढील. त्यास उत्तर की, तो समोरचा ब्लॉक. मध्ये रस्ता आहे. तो इतिहास निराळा.

त्या दिवसापासून ते टेबल वसाहतीचे सिंहासन, न्यायसभा आणि पोहे खाण्याची जागा जाहले. लिम अंकल तेथे दुपारी बुद्धिबळ खेळत, सकाळ आमची, दुपार त्यांची, ऐसा तह कोणी न लिहिता चालत आला.

आता युद्धाचे कारण समजावे म्हणोन आमच्या राज्यातील एक कायदा येथे सांगणे प्राप्त आहे. आमचेकडे कोणी काही विचारिले तर पहिल्या खेपेस "नको" म्हणावे, दुसऱ्या खेपेस "अहो, कशाला उगाच" म्हणावे, तिसऱ्या खेपेस "बरं, अगदी थोडं" म्हणावे, आणि मग पोटभर घ्यावे. पहिल्याच विचारण्यास जो हो म्हणेल तो हावरट ठरतो आणि त्याची कीर्ती मुलुंडास आत्याकडे पोहोचते. वरदपंत या कायद्यात लहानपणापासून तयार जाहले होते. युद्धाच्या सहा महिने अगोदर भार्गवीबाईंणी स्टेशनाच्या लिफ्टशी त्यांस विचारिले होते की, शनिवारी लाक्सा खायला जातेय, येतोस? लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधातील तिखट शेवयांचा रस्सा. वरदपंतांस यावयाचे इतके होते की शेवाळास उजेडही इतका आवडत नसेल. म्हणोन ते रीतीप्रमाणे बोलिले, "नको नको, तुला कशाला त्रास." आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभे राहिले.

"ओके," भार्गवीबाई म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये गेल्या. लिफ्टचे दार मिटले. वरदपंत वाट पाहत होते. पुढे बाई भेटत तेव्हां "हाय" म्हणत, आणि तेवढेच. वरदपंतांस वाटे, दुसरे विचारणे वाटेत कोठे अडकले असावे.

इकडे पहिल्या पाडव्यास काही वर्षे लोटली आणि नवागतांची आवक फार वाढली. तेव्हां विश्वासरावांणी फर्मान काढिले की, येत्या शनिवारी सकाळी समस्त नव्या मंडळींस गोळा करून आद्य वसाहतकारांची ऐतिहासिक स्थळे दाखवावी, आणि दाखविण्याचे काम वरदपंतांस सांगितले, कारण त्यांस लेक्चर देण्याची सवय होती आणि ते भाडेकरू होते. स्थळे पुढीलप्रमाणे पक्की जाहली. प्रथम एलआरटीचे ते स्टेशन जेथे मेघाधिपती धुक्यातून प्रकट जाहले. मग ते दुकान जेथून साबुदाणा समजून गोड पदार्थात घालावयाचे भलतेच बारीक मोती आणिले आणि एकादशीस खिचडीचा असा एक गोळा बनला की तो सुरीने कापून वाटावा लागला. आणि अखेरीस टेबल. खरे पाहता स्टेशन सरकारचे, दुकानाचा मालक बदललेला, आणि आता तेथे मोबाइलची कव्हरे मिळत. ज्यास हात लावून "हे आमचे" म्हणावे ऐसे एक टेबलच होते. पास दोन वर्षांचा, फ्लॅट भाड्याचा, दिलीपराव गेलेले. ते टेबल निघाले तर आद्य वसाहतकार म्हणजे नुसते काही लोक, जे एलआरटीतून चुकीच्या स्टेशनावर उतरले होते. हे वरदपंत जाणून होते आणि कोणास बोलून दाखवीत नव्हते.

आणि त्याच सोमवारी, वरदपंत लिफ्टची वाट पाहत उभे असता, लिम अंकल जवळ आले. त्यांणी कळविले की ब्लॉकाची डागडुजी होणार, कंत्राटदार वॉइड डेक मोकळे करणार, आणि दगडी टेबल काढावयाचे यादीत आहे. मग त्यांणी विचारिले, "यू ऑल ऑल्वेज युझिंग, वॉट. वॉन्ट टू कीप ऑर नॉट?"

वरदपंतांस टेबल प्राणापलीकडे हवे होते. आणि एखादी वस्तू इतकी हवी असता मुलुंडकर जे करितो तेच त्यांणी केले. छातीवर हात ठेविला, मान तिरकी केली आणि बोलिले, "नो नो अंकल, इट्स ओके, प्लीज, व्हाय ट्रबल फॉर अस."

"ओह," लिम अंकल म्हणाले. "ओके लोर." आणि गेले.

वरदपंत विजयी मुद्रेने वर आले आणि दरबारी हकीकत सांगितली. उर्मिलाबाईसाहेब कणीक मळीत होत्या, त्यांणी हात थांबविला.

"भाऊजी, हो नाही ना म्हणालात लगेच?"

"छे हो वहिनी. पहिल्यांदाच कसं हो म्हणणार?"

"बरं केलंत. नाहीतर म्हणतील, टपूनच बसले होते."

विश्वासरावांणीही मान डोलावून ही राजनीती उत्तम असे सांगितले, आणि सर्वांस वाटले, आता अंकल परत विचारतील. मग मंगळवारभर वाट पाहिली. बुधवारी वरदपंत मुद्दाम लिफ्टशी घुटमळले, अंकल आले, हसले, आणि हवेत उकाडा फार आहे इतकेच बोलून गेले. आणि गुरुवारी सकाळी टेबलावर, बुद्धिबळाच्या पटाच्या मधोमध, कंत्राटदाराची तांबडी फुली उमटली.

मग एकच हाहाकार जाहला. त्या संध्याकाळी विश्वासरावांचे हॉलमध्ये मसलत बसली. विश्वासरावांणी लॅपटॉप उघडून स्लाइडी दाखविल्या, त्यांत बाण पुष्कळ होते आणि ते सर्व एका ढगाकडे जात होते. बाईसाहेबांणी अंकलांस पुरणपोळी पाठवावी ऐसे सुचविले. वरदपंतांणी, जाऊन सरळ सांगावे काय, ऐसे हळूच विचारिले, तेव्हां विश्वासराव बोलिले:

"अरे, एकदा नको म्हणालास ना? मग आता त्यांनी विचारल्याशिवाय हो कसं म्हणणार? काही रीत आहे की नाही?"

हे सर्वांस पटले. मग वरदपंतांस युक्ती सुचली. या मुलखी हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवण आणावयास जाताना लोक टेबलावर टिश्यूची पुडी ठेवितात, त्यास "चोप" करणे म्हणतात, आणि जेथे पुडी आहे तेथे दुसरे कोणी बसत नाही. तर टेबल चोप करावे. शुक्रवारी उजाडताच वरदपंत खाली उतरले आणि चारी बैठकांवर एकेक आणि फुलीवर एक ऐश्या पुड्या ठेवून, खांबाआड दबा धरून बसले.

कंत्राटदाराचे लोक घण घेऊन आले. पुड्या पाहिल्या आणि थबकले. एकाने घण खाली ठेविला. दुसऱ्याने इकडे तिकडे पाहिले, कोणी जेवण घेऊन येते की काय. मुकादम आला, त्यासही पुडी उचलण्याचा धीर जाहला नाही. त्याणे बराच वेळ त्या पुड्यांस न्याहाळिले आणि फर्मान केले की, कोणी येत असेल, थांबा. मग ते थांबले. मग त्यांची जेवणाची वेळ जाहली, तेव्हां ते जेवावयास गेले, आणि हॉकर सेंटरात टेबलावर आपल्या पुड्या ठेविल्या. दुपारी येऊन पाहतात तों पुड्या जागच्या जागी. या मुलखाचा कायदा पाळणारा माणूस किती हतबल होतो हे त्या दिवशी दिसले. अखेर मुकादमाने सांगितले की उद्या सकाळी पहिले काम हेच, मग पुडी असो वा नसो. आणि ते गेले. उद्या शनिवार. उद्याच सकाळी नवागतांची स्वारी टेबल पाहावयास येणार होती.

वरदपंत हताश होऊन बैठकीवर, टिश्यूच्या पुडीशेजारी बसले. त्या दिवशी प्रयोगशाळेत शेवाळ एकटेच होते. इतक्यात ऑफिस सुटून भार्गवीबाई आल्या.

"काय रे, कोणासाठी चोप केलंस एवढं?"

मग वरदपंतांणी आदिपासून सर्व निवेदन केले. भार्गवीबाईंणी ऐकिले.

"एक मिनिट. अंकलनी विचारलं, हवंय का. आणि तू म्हणालास, नको."

"हो, पण नको म्हणजे तसं नको नाही."

"मग कसं नको?"

"म्हणजे... त्यांनी परत विचारायचं असतं."

"व्हाय? त्यांना एकदा ऐकू आलं की." इतके बोलून बाईंस काही आठवले. "थांब. लाक्साला पण तू असंच नको म्हणाला होतास?"

वरदपंतांणी बुद्धिबळाच्या पटाकडे पाहिले. पटावर कोठे लपावयास जागा नव्हती.

"हो," ते बोलिले.

"अय्यो, वरद! मला वाटलं, तुला मी आवडत नाही. सहा महिने मी लिफ्टमध्ये हाय-हाय करतेय, फार विचित्र वाटतं, माहितीये?" आणि मग त्या उठल्या. "चल. अंकल आत्ता कॉफीशॉपमध्ये असतील. तिथे त्यांनी काही विचारलं तर एकदाच उत्तर द्यायचं. कळलं?"

तेव्हां उभयतां कॉफीशॉपाकडे कूच करिते जाहले. लिम अंकल पंख्याखाली बसले होते, एकटेच, पुढ्यात कोपीचा पेला. त्यांणी दोघांस बसविले आणि विचारिले, "कोपी?"

"नो नो अंकल, जस्ट नाऊ ओन्ली..." वरदपंत बोलून गेले.

"कोपी-सी, अंकल, थँक यू," भार्गवीबाई म्हणाल्या.

भार्गवीबाईंस कोपी-सी, म्हणजे येथील दुधाची कॉफी, आली. वरदपंतांस नाही आली. या प्रांती न्याय इतका सरळ आहे हे त्यांणी चार वर्षांत प्रथमच डोळ्यांनी पाहिले. मग त्यांणी मोहिमेस तोंड लाविले, की अंकल, तुम्हांस तसदी होत नसेल तर, जमत असेल तरच, घाई अजिबात नाही, आणि नाही म्हणालात तरी आमचे काही म्हणणे नाही, ऐसे ते मोठ्या वळणाने चालिले, आणि टेबलाच्या जवळ येऊन पुन्हा दूर जात, एलआरटीच्या गाडीप्रमाणे फिरत राहिले. अंकलांणी पेला खाली ठेविला.

"वरद आ. द टेबल. वॉन्ट, ऑर डोन्ट वॉन्ट?"

पंखा गरगरत होता. वरदपंतांचे डोळ्यांपुढे मुलुंडच्या आत्या उभ्या राहिल्या, हातात पोह्यांची बशी, आणि त्यांचे पाठीशी आजोबा, पणजोबा आणि त्यांचेही वाडवडील, ज्यांणी कोणी पहिल्या विचारण्यास कधी हो म्हटले नव्हते, त्यांत काही उपाशी गेले होते. टेबलाखाली भार्गवीबाईंणी त्यांचे पायावर पाय दिला.

"वॉन्ट," वरदपंत बोलिले. आणि भीड एकदा चेपली तशी, "अँड कोपी ऑल्सो."

लिम अंकलांणी टेबलावर थाप मारिली.

"अय्या! देन व्हाय यू से डोन्ट वॉन्ट? आय आस्क यू वॉट! आय ऑलरेडी सो सॅड."

मग कळले ते असे. ते टेबल अंकलांसही हवे होते. त्यांचा बुद्धिबळाचा दुपारचा डाव तेथेच होता. परंतु कारभाऱ्याने आपल्याच बुद्धिबळासाठी सरकारी काम अडविले ऐसे लोक म्हणतील, म्हणोन एका तरी रहिवाशाने हवे म्हणावे यास्तव ते विचारावयास आले होते. त्यास नकार मिळाला, म्हणोन तेही चार दिवस मनात खंत करीत होते. एकूण काय, भिडेची बिमारी केवळ मुलुंडास नाही. अंकलांणी तेथल्या तेथे मुकादमास फोन लाविला आणि हुकूम केला की, टेबलास हात लावू नये, लोकांस हवे आहे. पलीकडून मुकादमाने मोठा श्वास सोडिला. त्याणे विचारिले की मग त्या टिश्यूच्या पुड्या आता उचलल्या तर चालतील काय.

शनिवारी सकाळी नवागतांची स्वारी निघाली. वरदपंतांणी स्टेशन दाखविले, तेथे लोकांणी फोटो काढिले. दुकान दाखविले, तेथे एकाने मोबाइलचे कव्हर घेतले. आणि मग सर्व टेबलाशी येऊन दाखल जाहले. फुली पुसता पुसली नाही, सबब ती शत्रूच्या वाराची खूण म्हणोन दाखविली, आणि लोकांणी मान लववून पाहिली. गुढीची गाठ प्रथम कोणी मारिली हे सांगताना वरदपंतांणी समोरच्या ब्लॉकाकडे बोट केले आणि खुलासा केला की, इतिहासात यापूर्वी एक रस्ता मध्ये आला होता, तो आज ओलांडिला आहे. विश्वासरावांणी यावर हरकत घेण्यास तोंड उघडिले, परंतु बाईसाहेबांणी त्यात पोह्याचा घास घातला.

पोहे वाटप सुरू जाहले. नव्या मंडळींत स्मिताबाई म्हणोन नुकत्या ठाण्याहून आल्या होत्या, त्यांपुढे बाईसाहेबांणी बशी धरिली.

"नको नको, अहो कशाला," स्मिताबाई लाजून म्हणाल्या.

"बरं," बाईसाहेब म्हणाल्या आणि बशी घेऊन पुढे गेल्या.

स्मिताबाई त्या बशीकडे पाहत उभ्या राहिल्या. वरदपंतांस त्यांची दया आली, परंतु वसाहतीस शिस्त लावणे प्राप्त होते.

मग मंडळी पांगली, आणि लिम अंकल सोंगट्यांची पेटी घेऊन आले, कारण दुपार त्यांची होती. भार्गवीबाई जाता जाता वळल्या.

"लाक्सा. आज. येतो—"

"हो," वरदपंत म्हणाले. प्रश्नाचे शेवटचे अक्षर अद्याप बाईंचे तोंडात होते.

लाक्सा फार तिखट निघाला. वरदपंतांचे डोळे पाझरू लागले आणि कान तांबडे जाहले. भार्गवीबाईंणी विचारिले, आणखी घेणार? त्यांणी सांगितले, नको. या खेपेस ते नको म्हणजे नकोच होते, आणि बाईंणीही परत विचारिले नाही, आणि दोघांस ते फार बरे वाटले.

येणेप्रमाणे बुकित पंजांगचे दगडी टेबल, चार बैठका आणि एक फुली यांसह, रक्ताचा थेंब न सांडता आणि टिश्यूच्या पाच पुड्या खर्ची पडून, वसाहतीचे ताब्यात कायम राहिले. राजश्री वरदपंत मुलुंडकर यांणी पहिल्याच विचारण्यास हो म्हणोन फत्ते केली, सबब त्यांस टेबलाची पश्चिमेकडील बैठक, जेथे वारा लागतो, वंशपरंपरेने बहाल करण्यात आली. ती दिली तेव्हां त्यांस विचारिले होते. ते हो म्हणाले आणि बसले.